जेआरडी टाटा: भरधाव बुगाटी ते जुहूची धावपट्टी

आज वेगवान कार घेणारे काही जण ती हाताळायचं खास प्रशिक्षण घेतात. जेआरडी टाटांची (१९०४-१९९३) गोष्ट वेगळी आहे. तरुणपणी त्यांच्याकडे बुगाटी होती. ती भरधाव चालवल्याचा आरोप झाला, तेव्हा त्यांनी वकील जॅक विकाजींना गाठलं. विकाजींची पुतणी थेल्मा पुढे, १९३० मध्ये, त्यांची पत्नी झाली.

विमानासाठी मात्र नुसती हौस पुरेशी नव्हती. मुंबईच्या फ्लाइंग क्लबमध्ये रीतसर शिकून १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांनी भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळवला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन ते जुहूला सुखरूप उतरले. पन्नास वर्षांनी, वयाच्या ७८व्या वर्षी, तोच प्रवास त्यांनी पुन्हा केला.

वेगाचं वेड तेच, फरक प्रशिक्षणाचा.