मार्गारेट चेस स्मिथ यांची माहिती : स्वतःच्याच पक्षाला जाब विचारणाऱ्या सिनेटर



अमेरिकेचा इतिहास म्हटलं की वॉशिंग्टन, लिंकन ही नावं तुम्हाला पटकन आठवतात. आज आपण ज्यांची माहिती बघणार आहोत, त्यांचं नाव मात्र तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पहिल्यांदाच ऐकलं असेल. त्या म्हणजे मार्गारेट चेस स्मिथ.

सुरुवातीला थोडं समजून घ्या. अमेरिकेच्या संसदेला काँग्रेस म्हणतात. (आपल्याकडच्या काँग्रेस पक्षाशी याचा काही संबंध नाही, मुलं इथे हमखास गोंधळतात.) तिची दोन सभागृहे आहेत, प्रतिनिधीगृह आणि सिनेट. राज्य लहान असो की मोठं, सिनेटमध्ये त्याचे दोनच सदस्य असतात. पक्षही मुख्य दोनच, डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन. रिपब्लिकन पक्ष आज पुराणमतवादी म्हणून ओळखला जातो, पण त्या काळी त्या पक्षात उदारमतवादी विचारांचे लोकही होते. मार्गारेट त्यांच्यापैकी एक होत्या.

त्यांचा जन्म १४ डिसेंबर १८९७ रोजी मेन राज्यातील स्कॉहेगन या छोट्या गावात झाला. वडील न्हावी होते. सहा भावंडांत मार्गारेट सर्वात मोठ्या, त्यामुळे शाळेत असतानाच त्यांनी दुकानात काम करायला सुरुवात केली. १९१६ मध्ये हायस्कूल पूर्ण झालं. कॉलेजला जाणं काही जमलं नाही. मग त्यांनी जवळच्या एका एकशिक्षकी शाळेत थोडे दिवस शिकवलं. एकशिक्षकी शाळा काय असते ते आम्हा शिक्षकांना विचारा! पुढे टेलिफोन ऑपरेटर, गावच्या वर्तमानपत्रात नोकरी, लोकरीच्या गिरणीच्या कार्यालयात काम, असं जे मिळेल ते त्यांनी केलं.

१९३० मध्ये क्लाइड स्मिथ यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९३६ मध्ये क्लाइड प्रतिनिधीगृहावर निवडून आले आणि मार्गारेट त्यांच्या कार्यालयाचं काम पाहू लागल्या. १९४० मध्ये पतीचं निधन झालं आणि त्यांच्या जागी झालेली पोटनिवडणूक त्यांनी जिंकली. नवऱ्याची जागा बायकोला मिळाली, एवढंच लोकांना वाटलं असेल. पण पुढची आठ वर्षे बघा. महायुद्धात हजारो स्त्रिया सैन्यदलात काम करत होत्या, मात्र युद्ध संपल्यावर त्यांचं स्थान काय, हे ठरलेलं नव्हतं. त्यांना फक्त राखीव दलात ठेवावं, असं संबंधित समितीचं मत होतं. मार्गारेट एकट्या विरोधात उभ्या राहिल्या. शेवटी १९४८ च्या कायद्याने स्त्रियांना सैन्यदलात कायमचं स्थान मिळालं. त्याच वर्षी त्या सिनेटवर निवडून आल्या. दोन्ही सभागृहांत काम करणाऱ्या त्या पहिल्या अमेरिकन महिला.

आता मुख्य घटनेकडे येऊ.

फेब्रुवारी १९५० मध्ये विस्कॉन्सिनचे सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांनी एका भाषणात आरोप केला की परराष्ट्र खात्यात कम्युनिस्ट घुसले आहेत आणि त्यांची यादी आपल्या हातात आहे. रशियाची भीती देशभर पसरलेली होती, त्यामुळे खळबळ उडाली. मॅकार्थी मार्गारेट यांच्याच पक्षाचे. त्या स्वतः कम्युनिझमच्या कट्टर विरोधक, म्हणून सुरुवातीला त्यांनाही आरोपात तथ्य वाटलं. पण त्यांनी एक साधी गोष्ट केली. पुरावा मागितला. मॅकार्थींनी दाखवलेले कागद त्यांनी वाचले आणि त्यातून काहीच सिद्ध होत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. इकडे संशयावरून लोकांची बदनामी सुरूच होती आणि बोलायला कोणी तयार नव्हतं.

१ जून १९५०. सिनेटमध्ये नव्याने आलेल्या, तिथल्या एकमेव महिला सदस्य असलेल्या मार्गारेट उठल्या आणि सुमारे १५ मिनिटे बोलल्या. हे भाषण 'सदसद्विवेकाचा जाहीरनामा' म्हणून प्रसिद्ध आहे. मॅकार्थींचं नाव त्यांनी घेतलं नाही, पण ते जवळच बसले होते. टीका करण्याचा, न आवडणारं मत बाळगण्याचा, निषेध करण्याचा आणि स्वतंत्र विचार करण्याचा हक्क प्रत्येक अमेरिकन माणसाला आहे, असं त्यांनी सांगितलं. सत्तेवरच्या डेमोक्रॅटिक सरकारवरही टीका केली. पण भीती, अज्ञान, द्वेष आणि बदनामी यांच्या जोरावर आपला पक्ष जिंकावा, हे आपल्याला मान्य नाही, असंही त्यांनी स्पष्ट केलं. सोबत सह्या करणारे रिपब्लिकन सिनेटर होते फक्त सहा. मॅकार्थींनी या सात जणांची हिमगौरी आणि सहा बुटके अशी टिंगल केली.

परिणाम लगेच झाला का? नाही. त्याच महिन्यात कोरियाचं युद्ध सुरू झालं आणि भीती आणखी वाढली. मॅकार्थींनी मार्गारेट यांना चौकशी उपसमितीतून काढलं आणि त्यांच्या जागी रिचर्ड निक्सन यांना घेतलं. (हेच निक्सन पुढे राष्ट्राध्यक्ष झाले.) १९५४ मध्ये त्यांच्याविरुद्ध पक्षातूनच एक उमेदवार उभा करण्यात आला, त्याला मॅकार्थींचा पाठिंबा होता. मेनच्या मतदारांनी मार्गारेट यांना प्रचंड मतांनी निवडून दिलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सिनेटने ६७ विरुद्ध २२ मतांनी मॅकार्थींच्या वर्तनाचा निषेध केला. निषेधाच्या बाजूने मार्गारेट यांचंही मत होतं. जाहीरनाम्यानंतर साडेचार वर्षांनी!

त्यांची हजेरीही सांगण्यासारखी आहे. १९५५ पासून सलग २,९४१ मतदानांत त्यांनी भाग घेतला, एकही चुकवलं नाही. १९६८ मध्ये कंबरेच्या शस्त्रक्रियेमुळे हा क्रम तुटला. कोटावर रोज ताजं गुलाबाचं फूल, ही त्यांची ओळख.

१९६४ मध्ये त्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभ्या राहिल्या. मोठ्या पक्षाच्या अधिवेशनात या पदासाठी एका स्त्रीचं नाव मांडलं जाण्याची ही पहिलीच वेळ. मतं पडली २७. उमेदवारी बॅरी गोल्डवॉटर यांना मिळाली. त्याच उन्हाळ्यात नागरी हक्क कायद्याला गोल्डवॉटर यांनी विरोध केला होता, तर मार्गारेट यांनी त्याच्या बाजूने मत दिलं होतं.

त्यांचं सगळंच सगळ्यांना पटलं असं नाही. व्हिएतनाम युद्धाला त्यांनी पाठिंबा दिला आणि त्यावरून तरुण त्यांच्यावर चिडले. मला स्वतःला त्यांची ही भूमिका पटत नाही. पण १ जून १९७०, म्हणजे बरोबर २० वर्षांनी, त्या पुन्हा उभ्या राहिल्या. या वेळी हिंसक आंदोलकांना त्यांनी सुनावलंच, पण देशात फूट पाडणाऱ्या राजकारणाबद्दल निक्सन सरकारलाही सोडलं नाही. सरकार त्यांच्याच पक्षाचं होतं.

१९७२ मध्ये, वयाच्या ७४ व्या वर्षी, त्या विल्यम हॅथवे यांच्याकडून हरल्या. नंतर त्या स्कॉहेगनलाच राहिल्या. तिथे त्यांच्या घराला जोडून ग्रंथालय उभं राहिलं. १९८९ मध्ये त्यांना 'प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम' हा अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला. २९ मे १९९५ रोजी, ९७ व्या वर्षी, ज्या गावात जन्म झाला त्याच गावात त्यांचं निधन झालं.