अभियंता दिन विशेष : खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे बसवणारे विश्वेश्वरय्या

भोर / वेल्हे : भाटघर, पानशेत, वरसगाव... आपल्या भोर-वेल्ह्यात धरण माहीत नाही असं घर सापडणार नाही. कुणाची जमीन धरणात गेली, कुणाचं शेत कालव्यावर पिकलं. म्हणूनच १५ सप्टेंबरचा अभियंता दिन ज्यांच्या जयंतीला साजरा होतो, ते सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या आपल्या भागाला परके नाहीत.

जन्म म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळीचा. वडील लवकर गेले. घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे शिकवण्या करून बंगळूरला १८८१ मध्ये बी. ए. केलं. पुढे म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले. तेच आजचं सीओईपी. १८८३ मध्ये इंजिनिअरिंगच्या परीक्षेत ते मुंबई इलाख्यात पहिले आले आणि पुढच्याच वर्षी सरकारी बांधकाम खात्यात लागले. शिष्यवृत्ती नसती तर हा हुशार मुलगा कदाचित शिकवण्याच करत राहिला असता.

नोकरीत त्यांचा पुणे जिल्ह्याशी जवळून संबंध आला. भाटघरच्या पाण्यावर चालणाऱ्या निरा कालव्यावर त्यांनी ब्लॉक पद्धत आणली. ऊस, भात आणि कमी पाण्याची पिकं आलटूनपालटून घ्यायची आणि पाणी ठरलेल्या पट्ट्यातच द्यायचं. त्यामुळे पाणी जास्त शेतकऱ्यांपर्यंत पोचतं आणि जमीन चिबडत नाही.

त्यांचं गाजलेलं काम मात्र खडकवासल्याचं. दर पावसाळ्यात धरणाच्या सांडव्यावरून सहा ते आठ फूट पाणी फुकट वाहून जायचं. विश्वेश्वरय्यांनी धरणाची भिंत न वाढवता सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवले. सुमारे ८ फूट पाणी जास्त अडलं, साठा २५ टक्क्यांच्या आसपास वाढला. पाणी ठरलेल्या पातळीवर गेलं की दरवाजे पाण्याच्याच जोरावर उचलले जायचे. रात्री पूर आला, पहारेकरी झोपला, निरोप पोचला नाही, तरी धरणावर ताण येणार नाही, अशी ही सोय. पाणी वाढवणं आणि खालच्या गावांची काळजी घेणं, दोन्ही एकाच कामात. या दरवाजांचं पेटंट त्यांना मिळालं, पण सरकारी नोकर म्हणून त्यांनी रॉयल्टी घेतली नाही.

१९०८ मध्ये हैदराबादेत मुसी नदीच्या महापुराने हाहाकार उडाला. तिथे पूर अडवण्याची योजना त्यांनीच आखून दिली. पुढे म्हैसूरचे मुख्य अभियंता म्हणून कृष्णराजसागर धरण उभं केलं, तिथेही स्वयंचलित दरवाजे आले.

१९१२ ते १९१८ ते म्हैसूरचे दिवाण होते. १८९८ मध्ये जपान पाहून आल्यापासून त्यांच्या मनात एक गोष्ट पक्की बसली होती. नुसते कारखाने आणि धरणं बांधून देश पुढे जात नाही, ती चालवणारे शिकलेले हातही तयार करावे लागतात. दिवाणपदाच्या काळात १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठ आणि १९१७ मध्ये बंगळूरला इंजिनिअरिंग कॉलेज सुरू झालं. भद्रावतीच्या लोखंड कारखान्याचं मानधनही त्यांनी स्वतःकडे न ठेवता तरुणांना धंदेशिक्षण देणाऱ्या संस्थेकडे वळवलं. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं.

त्यांच्या हयातीतच, १२ जुलै १९६१ रोजी, वेल्हे तालुक्यातलं पानशेत धरण फुटलं. काम अपुरं असताना पावसाळ्यात पाणी चढत गेलं आणि मातीचा भराव खचला. तो लोंढा खडकवासल्यालाही पेलवला नाही, तेही त्याच दिवशी फुटलं आणि पुणे पाण्याखाली गेलं. विश्वेश्वरय्यांच्या दरवाजांनी ज्या धरणाला वर्षानुवर्षं सांभाळलं, ते वरच्या धरणातल्या कच्च्या कामामुळे गेलं. पुढच्याच वर्षी, १४ एप्रिल १९६२ रोजी, शंभरी पार करून त्यांचं निधन झालं.

आज आपल्या तालुक्यांतली मुलं आयटीआय, डिप्लोमा, डिग्रीला जातात. उद्या त्यांच्यातलंच कुणी भाटघरच्या किंवा पानशेतच्या दरवाजांवर ड्युटीला असेल. नदीकाठच्या गावांची झोप त्यांच्या हातात असेल. अभियंता दिनी फोटोला हार घालताना ही जबाबदारीही मुलांना सांगायला हवी.