अंबादासपंत वैद्य

वऱ्हाडची जमीन कापसाची. ही काळी माती पावसाळ्यात पायाला गोळ्यागोळ्यांनी चिकटते आणि वैशाखात तिला खोल भेगा पडतात. कपाशीला ती मानवते. परंतु कुस्तीला ती निरुपयोगी होय. अमरावतीस किंवा अकोल्यास आखाडा घालावयाचा म्हणजे आधी ही माती उपसावयाची, मग तांबडी माती चाळून हौदात भरावयाची, तीत तेल, ताक व हळद कालवावयाची आणि फावड्याने ती नित्य उकरून मऊ राखावयाची. थोडा आळस झाला की हौद घट्ट होतो आणि पडणाऱ्याचा खांदा दुखावतो.

असे हे कष्टाचे काम अंबादास कृष्ण वैद्य यांनी आपले बंधू अनंतराव यांच्यासह १९१४ साली अमरावतीत आरंभिले. त्यांनी स्थापिलेल्या आखाड्याला हनुमंताचे नाव होते. त्याच वर्षी युरोपात पहिले महायुद्ध पेटले. वऱ्हाड तेव्हा नावाला निजामाचा होता, कारभार मात्र इंग्रजांचा. अमरावती हे जागे शहर होते. १८९७ साली राष्ट्रसभेचे अधिवेशन तेथे भरले होते. अशा शहरात तरुण मुले रोज एकत्र जमून लाठी फिरवू लागली, तर सरकारला ते रुचणे कठीणच. पुढे भगतसिंगांबरोबर फाशी गेलेले शिवराम हरी राजगुरू हेही काही काळ या आखाड्यात व्यायामाचे धडे घेऊन गेले.

तथापि वैद्य बंधूंचे खरे मोठेपण आखाडा काढण्यात नाही. आखाडे गावोगाव होते. उस्ताद चांगला असेतो ते गजबजत आणि उस्ताद गेला की ओस पडत, कारण त्याची विद्या त्याच्याबरोबरच जाई. काही उस्ताद तर आपला एखादा डाव शिष्यापासूनही राखून ठेवीत. अंबादासपंतांनी याच्या उलट मार्ग धरला. मल्ल घडविण्यापेक्षा शिक्षक घडविणे त्यांना अधिक महत्त्वाचे वाटले. आखाड्याचे रूपांतर श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात झाले, ते याच विचाराने. त्या नावातील ‘प्रसारक’ हा शब्द उगाच आलेला नाही. उन्हाळ्याच्या सुटीत मंडळाचे वर्ग भरू लागले. तेथे शिकलेला शिक्षक आपल्या शाळेत परतून मल्लखांब, लेझीम, खो-खो व हुतूतू मुलांना शिकवी. या खेळांना नियमांची चौकटही त्याच सुमारास मिळत होती. बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने हुतूतूचे नियम १९२३ साली प्रसिद्ध केले.

१९३६ साली बर्लिन येथे ऑलिंपिक सामने भरले. त्या वेळी निरनिराळ्या देशांतील शारीरिक शिक्षणाच्या विद्यार्थ्यांचे शिबिरही तेथे योजिले होते. मंडळाने त्यासाठी आपले पथक पाठविण्याचे ठरविले. डॉ. सिद्धनाथ काणे हे पथकाचे प्रमुख होते. परतंत्र देशातील एका जिल्ह्याच्या गावाने मुलांना बोटीने युरोपात धाडावे, ही गोष्ट लहान नव्हे. शिवाय खेळ फसले असते, तर हसे एका मंडळाचे झाले नसते. देशी व्यायाम म्हणजे गावंढळ धडपड, असे म्हणणाऱ्यांना आयतेच कारण मिळाले असते. परंतु मुलांनी हुतूतू खेळून दाखविला, मल्लखांबावरील कसरती केल्या आणि परकी प्रेक्षक चकित झाले. त्या उत्सवामागे हिटलरच्या राजवटीचा डामडौल होता, हे विसरता येत नाही. त्याच ऑगस्टमध्ये, त्याच नगरीत, ध्यानचंदांच्या हॉकी संघाने जर्मनीचा आठ विरुद्ध एक असा पराभव केला. त्या विजयाची कथा घरोघरी पोहोचली. अमरावतीच्या मुलांची तितकी पोहोचली नाही.

या प्रवासानंतर दोनच वर्षांनी, १९३८ साली, कलकत्त्याच्या राष्ट्रीय सामन्यांत कबड्डीला स्थान मिळाले. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली स्वीडनमधील स्टॉकहोम येथे लिंगियाड हा व्यायामाचा मोठा मेळावा भरला, तेव्हाही मंडळाचे पथक तेथे गेले. या वेळी ते स्वतंत्र देशाचे पथक होते.

वैद्य बंधूंच्या पश्चात मंडळ वाढतच गेले. आखाड्यातून शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय उभे राहिले आणि दूरदूरच्या प्रांतांतून विद्यार्थी अमरावतीस येऊ लागले. १९९० साली बीजिंगच्या आशियाई सामन्यांत कबड्डीचा प्रथमच समावेश झाला. सुवर्णपदक भारताने मिळविले.