पाहून मग मानणारे : डॉ. सलीम अली

पैनगंगेच्या खोऱ्यात पावसाळा स्थिरावला, की विहिरीवर झुकलेल्या बाभळींना सुगरणीची घरटी लोंबू लागतात. मेहकर परिसरातील मुलांना हे दृश्य नवे नाही. हे घरटे कोण विणते, असे आम्ही वर्गात विचारले, तर बहुतेक मुले सुगरण म्हणजे मादीच विणते असे सांगतात. आपल्या भाषेने त्या पाखराला दिलेल्या नावातच ते उत्तर दडलेले आहे. वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. विणकाम नर करतो आणि मादी ते पारखते. या पाखराच्या संसाराचा बारीकसारीक तपशील ज्यांनी कोकणातील एका खेड्यात बसून नोंदवला, त्या डॉ. सलीम अली यांचे चरित्र या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहोत.

सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. ते वर्षाचे असताना वडील गेले आणि तीन वर्षांचे असताना आईही गेली. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी या भावंडांना खेतवाडीतील आपल्या घरी वाढवले. परक्या छपराखाली मायेने वाढणे म्हणजे काय, हे आमच्या वसतिगृहातील अनेक मुलांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. मामा शिकारीचे शौकीन होते आणि भाच्याच्या हातीही छऱ्यांची बंदूक होती. तिने टिपलेल्या एका चिमणीच्या कंठावर पिवळा डाग दिसला आणि मुलाचे कुतूहल जागे झाले. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. १८८३ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे सचिव मिलार्ड यांनी पक्षी ओळखून दिला, पेंढा भरून जतन केलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखवला आणि वाचायला पुस्तके दिली. एका मोठ्या माणसाने लहान मुलाच्या प्रश्नाला वेळ दिला आणि त्यातून त्या मुलाच्या आयुष्याला दिशा मिळाली.

ती वाट सरळ मात्र नव्हती. महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट सोडून ते ब्रह्मदेशात कुटुंबाच्या खाणीच्या व लाकडाच्या व्यवसायात गेले. तेथील जंगलात मन रमले, पण व्यापारात बसले नाही. मुंबईत परतल्यावर त्यांनी प्राणिशास्त्राचे धडे घेतले. विद्यापीठाची पदवी मात्र हाती नव्हती आणि तिच्याअभावी पुढे एक सरकारी जागा हुकली. १९२६ साली प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये मार्गदर्शक व्याख्याते म्हणून ते रुजू झाले. नंतर रजा घेऊन बर्लिनला गेले आणि एर्विन स्ट्रेझमान या थोर पक्षितज्ज्ञांच्या हाताखाली शिकले. १९३० साली परत येऊन पाहतात, तो पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झाली होती.

बेकारीच्या त्या दिवसांत ते पत्नी तेहमिना यांच्यासह अलिबागजवळच्या किहीम गावी जाऊन राहिले आणि तेथे त्यांनी सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीचे निरीक्षण सुरू केले. नर घरटे अर्धे विणतो. माद्या येऊन ते पारखतात. एखादीला पसंत पडले, की जोडी जमते आणि घरटे पुरे होते. मग अंडी उबवणे आणि पिले वाढवणे तिच्यावर सोपवून नर दुसरे घरटे विणायला घेतो. असे एकामागून एक त्याचे अनेक संसार उभे राहतात. मृत पक्ष्यांची कातडी मोजण्यात अभ्यासकांचा वेळ जात असे, अशा काळात जिवंत पक्ष्यासमोर तासन्‌तास बसून केलेले हे काम होते. त्यासाठी महागडी साधने लागली नाहीत. लागली ती चिकाटी, वही आणि प्रामाणिक डोळे.

पुढे त्यांनी अनेक संस्थानांच्या दरबारांना कळवले, की प्रवासखर्च द्यावा, वेतन नको, तुमच्या मुलखातील पक्ष्यांची पाहणी करून देतो. अशी पहिली मोठी पाहणी हैदराबाद संस्थानाची झाली. आपल्या शेजारचा मराठवाडा तेव्हा याच संस्थानात होता. तेहमिना या भटकंतीत सोबत असत. १९३९ साली त्यांचे अकाली निधन झाले आणि सलीम अली यांनी पुढचे आयुष्य कामालाच वाहून घेतले. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे सचित्र पुस्तक आले आणि सामान्य वाचकाच्या हाती पक्षी ओळखण्याचे साधन पडले. अमेरिकन पक्षितज्ज्ञ डिलन रिप्ले यांच्यासह लिहिलेला दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाला. पक्ष्यांच्या पायात क्रमांकाची कडी अडकवून त्यांच्या स्थलांतराचा माग काढण्याचे काम सोसायटीने त्यांच्याच नेतृत्वाखाली देशभर वाढवले. पद्मभूषण आणि पद्मविभूषण हे सन्मान त्यांना लाभले. गेटी पारितोषिकाची मोठी रक्कम त्यांनी निसर्गरक्षणाच्या निधीला दिली. केरळमधील सायलेंट व्हॅलीचे जंगल धरणापासून वाचवण्यासाठी त्यांनी आपले वजन खर्ची घातले. १९८५ साली ते राज्यसभेवर नियुक्त झाले.

इथपर्यंतचे चरित्र गौरवाचे आहे. परंतु थोरांच्या चरित्रातील अवघड पान झाकून ठेवले, तर विद्यार्थ्यांच्या हाती केवळ आरती उरते. म्हणून राजस्थानातील भरतपूरची हकीकतही आम्ही सांगतो. तेथील केवलादेवची पाणथळ जागा एके काळी संस्थानिकांच्या बदकांच्या शिकारीची होती. ती पक्ष्यांसाठी राखली जावी म्हणून सलीम अली यांनी मोठे श्रम घेतले. आजूबाजूच्या गावांच्या म्हशी तेथे पिढ्यान्‌पिढ्या चरत असत. चराईने पक्ष्यांचे नुकसान होते, अशी अनेक तज्ज्ञांची धारणा होती आणि सलीम अली यांचेही मत चराईच्या विरोधात होते. १९८२ साली चराईवर बंदी आली. संघर्ष पेटला, पोलिसांचा गोळीबार झाला आणि काही गावकरी प्राणाला मुकले.

त्याच सुमारास सोसायटीने तेथे दहा वर्षांचा अभ्यास हाती घेतला होता. २० जून १९८७ रोजी सलीम अली यांचे मुंबईत निधन झाले. अभ्यासाचा निष्कर्ष त्यानंतर, १९९१ साली मांडला गेला आणि तो धारणेच्या उलट होता. म्हशी थांबल्यावर पाण्यातील गवत अनावर माजले, मोकळे पाणी आक्रसले आणि अनेक पाणपक्ष्यांची जागा हिरावली गेली. म्हशी त्या तळ्याला अपायकारक नव्हत्या. त्या त्याच्या जीवनचक्राचा भाग झाल्या होत्या. ज्यांच्या म्हशी तेथे चरत, त्यांचा अनुभव निर्णय घेताना मोजला गेला नव्हता, आणि त्याची किंमत गरिबांनी मोजली.

या घटनेने सलीम अली लहान होतात, असे आम्हाला वाटत नाही. किहीमला त्यांनी जी रीत घालून दिली, तीच भरतपूरला त्यांच्या मतापेक्षा मोठी ठरली. त्यांच्याच संस्थेने दहा वर्षे मोजमाप केले आणि जे दिसले ते लिहिले. आपल्या गुरूचे मत चुकीचे ठरले तरी नोंद लपवायची नाही, हाच त्या गुरूचा खरा वारसा होय. परंतु मेलेली माणसे अहवालाने परत येत नाहीत. म्हणून पाहणी आधी व्हावी आणि हुकूम नंतर निघावा. त्या पाहणीत गुराख्याचे बोलणेही टिपले जावे.

आपल्या जिल्ह्यातही निसर्ग झपाट्याने बदलत आहे. जून २०२० मध्ये लोणारच्या सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा तऱ्हेतऱ्हेचे तर्क लढवले गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले आणि खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव त्याला कारण असल्याचे दाखवून दिले. त्याच वर्षी लोणारला रामसर पाणथळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. उद्या येथील गायरान, तळे किंवा जंगल याविषयी निर्णय होतील, तेव्हा बोलायला आमच्या मुलांपैकी कोणी तरी उभे राहावे आणि त्याच्या हाती वर्षानुवर्षांची वही असावी, एवढीच आमची इच्छा आहे. त्या वहीचे पहिले पान यंदाच्या पावसाळ्यात, विहिरीवरच्या बाभळीखाली बसून लिहिता येईल.