कागदावरच राहिलेले रुग्णविमान

पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेला सैनिक शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोहोचे तो स्ट्रेचर, घोडागाडी, मोटार आणि आगगाडी अशा टप्प्याटप्प्यांनी. या प्रवासातच अनेकांचा अंत होई. वस्तुतः अशा जखमींना विमानातून आणण्याची योजना युद्धाला तोंड फुटण्यापूर्वी, १९१० मध्येच फ्रेंच सरकारपुढे मांडली गेली होती. ती मांडणारी मारी मार्व्हँ ही साहसी स्त्री संकटाची वाग्दत्त वधू म्हणून फ्रान्सभर ओळखली जाई.

१८७५ मध्ये ओरियाक येथे एका टपाल अधिकाऱ्याच्या घरी तिचा जन्म झाला. चौदाव्या वर्षी आई गेली. वडिलांनी मुलीला पोहणे, गिर्यारोहण, सायकल यांत मुलाप्रमाणेच वाढविले. १९०८ च्या तूर द फ्रान्स शर्यतीत स्त्री म्हणून प्रवेश नाकारला गेला, तेव्हा तिने तोच मार्ग स्वतंत्रपणे सायकलवरून पुरा केला. १९०९ मध्ये बलूनमधून उत्तर समुद्र ओलांडून ती इंग्लंडला पोहोचली आणि ८ नोव्हेंबर १९१० रोजी तिने वैमानिकाचा परवाना मिळविला. वर्तमानपत्रांना तिचे विक्रम प्रिय होते. तिच्या रुग्णविमानात त्यांना तितकी गोडी नव्हती.

देपेर्द्युसां कारखान्याचा अभियंता लुई बेशरो याच्या साहाय्याने तिने या विमानाचा आराखडा तयार केला. पैसा कोठून आणावयाचा? जखमी शिपाई काही विमानाचे भाडे देऊ शकत नाही, आणि ज्याने ते द्यावयाचे त्या सरकारला निकड वाटत नव्हती. तेव्हा तिने वर्गणी जमविली आणि १९१२ मध्ये मागणी नोंदविली. परंतु १९१३ मध्ये कारखान्याचा मालक अफरातफरीच्या आरोपाखाली पकडला गेला, कारखाना बुडाला आणि विमान तयार झालेच नाही. याच कारखान्यात बेशरोने रचलेल्या शर्यतीच्या विमानाने त्या वर्षी ताशी २०० किलोमीटरची मर्यादा ओलांडली. पुढे ब्लेरिओच्या हाती गेलेल्या या कारखान्यातून स्पाड ही प्रसिद्ध लढाऊ विमाने बाहेर पडली, तीही बेशरोच्याच आराखड्यांनुसार. कौशल्य होते, यंत्रे होती, कारागीर होते. शर्यतीला बक्षीस होते आणि लढाऊ विमानाला सरकारी खजिना. रुग्णविमानाला मात्र वर्गणीखेरीज आधार नव्हता.

युद्धात मारी काही काळ पुरुषवेषात पायदळात राहिली. ते उघडकीस आल्यावर तिला परत पाठविण्यात आले. पुढे इटलीच्या डोलोमाइट पर्वतात ती आल्पाइन सैनिकांबरोबर होती. १९१५ मध्ये तिने मेत्सजवळील जर्मन विमानतळावरील बॉम्बहल्ल्यात भाग घेतला आणि त्यासाठी तिला युद्धपदक मिळाले. जखमींना आणण्यासाठी तिला विमान मिळाले नव्हते. बॉम्ब टाकण्यासाठी मात्र ते मिळाले. सैन्याने १९१७ मध्ये रुग्णविमानाचा प्रयोग केला, तो शासैं या डॉक्टर लोकप्रतिनिधीच्या आग्रहामुळे. दोराँ जातीच्या विमानाच्या धडात स्ट्रेचर बसविण्यात आले. तोवर व्हेर्दँ आणि सोम येथील लढाया होऊन गेल्या होत्या.

शांततेच्या काळात मारीने आपला पाठपुरावा अधिक नेटाने चालविला. मोरोक्कोतील वसाहतयुद्धात फ्रेंच सैन्य ब्रेगे विमानांतून जखमींना हलवू लागले होते. तथापि, हे सैन्यापुरतेच राहू नये आणि विमानात जखमीजवळ शिकलेली परिचारिका असावी, असा तिचा आग्रह होता. ती गावोगाव व्याख्याने देत हिंडली. १९२९ मध्ये पॅरिसला भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय विमानसेवा परिषदेच्या उभारणीत तिचा वाटा होता. मोरोक्कोत नागरी रुग्णविमानसेवा सुरू करण्यासाठी ती झटली. १९३५ मध्ये हवाई परिचारिकेची रीतसर पात्रताही तिने संपादन केली. तेव्हा तिचे वय साठ होते.

१९५२-५३ मध्ये इंडोचायनाच्या युद्धात व्हालेरी आंद्रे या फ्रेंच शल्यविशारद स्त्रीने हेलिकॉप्टर स्वतः चालवून १६५ जखमींना बाहेर काढले. ते पाहण्यास मारी हयात होती. ऐंशीव्या वर्षी, १९५५ मध्ये, ती अमेरिकन जेट विमानात बसून नान्सीवरून उडाली, तर १९६१ मध्ये नान्सीहून पॅरिसला सायकलवर गेली. १४ डिसेंबर १९६३ रोजी नान्सीजवळील लाक्सू येथे तिचे निधन झाले. १९१२ साली मागविलेल्या त्या विमानाचे केवळ आराखडे आणि चित्रे शिल्लक राहिली.