गणपतराव जोशी
गणपतराव जोशी (१८६७–१९२२) हे शेक्सपिअरच्या नाटकांतील भूमिकांसाठी ख्यातनाम झालेले मराठी नट होते. त्यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूर येथे झाला. शाहूनगरवासी नाटक मंडळीचे ते प्रमुख नट होते.

गोपाळ गणेश आगरकर यांनी ‘हॅम्लेट’वरून लिहिलेल्या ‘विकारविलसित’ (१८८३) या नाटकातील चंद्रसेन ही त्यांची सर्वांत गाजलेली भूमिका होय. मूळ इंग्रजी नाटकात ग्रीक पुराणकथांचे अनेक संदर्भ आहेत. दिवंगत राजाला सूर्यदेव हायपेरिअनची, तर शोकाकुल राणीला अपत्यवियोगाने शिळा झालेल्या नायोबीची उपमा दिलेली आहे. ट्रॉयची राणी हेक्युबा हिच्या कथेत रंगून एक नट खरे अश्रू ढाळतो. तेव्हा पित्याचा वध होऊनही आपण निष्क्रिय राहिलो, याची हॅम्लेटला लाज वाटते. या कथांशी अपरिचित असलेल्या मराठी प्रेक्षकांपर्यंत ते दुःख पोचविण्याचा भार मुख्यतः नटाच्या मुद्रेवर आणि वाणीवर होता. गणपतरावांनी तो समर्थपणे पेलला.

शिवराम महादेव परांजपे यांच्या ‘मानाजीराव’ या ‘मॅकबेथ’च्या रूपांतरातही त्यांनी प्रमुख भूमिका केली. थोर इंग्रज नटावरून त्यांना ‘महाराष्ट्राचे गॅरिक’ असे गौरविले जाते.