काळ्या पाण्यावरील थोरले बंधू : कै. बाबाराव सावरकर

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहून द्यावे, अशी आज्ञा आपल्या मंडळाच्या चालकांनी केली, तेव्हा कोणाचे चरित्र घ्यावे हा प्रश्न आमच्यापुढे फार वेळ राहिला नाही. शाळेत इतिहास शिकविताना आमच्या हातून घडलेली एक उणीव अनेक वर्षे मनास बोचत होती. ती भरून काढण्याची ही संधी आहे असे समजून आम्ही कै. गणेश दामोदर उर्फ बाबाराव सावरकर यांचे नाव निश्चित केले.

ती उणीव अशी. अंदमानचा धडा आला की आम्ही फळ्यावर नकाशा काढीत असू आणि धाकटे बंधू स्वातंत्र्यवीर विनायकराव यांची हकीगत रंगवून सांगत असू. एके वर्षी सातवीतील एका मुलीने उभे राहून विचारले की, गुरुजी, दोघे भाऊ तुरुंगात गेले तर त्यांच्या घरी मागे कोण होते? त्या दिवशी आम्हांस धड उत्तर देता आले नाही. ज्या सिंदखेडराजाच्या मातीत जिजाऊंचा जन्म झाला, त्या आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील मुलीने हा प्रश्न विचारावा आणि शिक्षकाने निरुत्तर व्हावे, ह्याची आम्हांस लाज वाटली. पुढे वाचन केले, तेव्हा त्या प्रश्नाचे उत्तर बाबारावांच्या चरित्रात सापडले.

बाबारावांचा जन्म १३ जून १८७९ रोजी नाशिकजवळील भगूर येथे झाला. वडील दामोदरपंत, आई राधाबाई. विनायक, मैना व नारायण ही धाकटी भावंडे. १८९२ मध्ये राधाबाई पटकीने वारल्या, त्या वेळी बाबाराव अवघे तेरा वर्षांचे होते. १८९९ मध्ये प्लेगच्या साथीत दामोदरपंतही गेले. धाकटा नारायण प्लेगने अंथरुणास खिळला, तेव्हा बाबाराव त्याच्या उशाशी बसले आणि त्याची शुश्रूषा करता करता त्यांनाही तोच रोग जडला. दोघेही वाचले, हे त्या काळी आश्चर्यच म्हणावयाचे. तरुणपणी बाबारावांचा ओढा योग व वैराग्य ह्यांकडे होता. परंतु विसाव्या वर्षी घराचा भार अंगावर पडला आणि संन्यासाची कल्पना त्यांना बाजूस ठेवावी लागली. वडील गेलेल्या घरात थोरला भाऊच बाप होतो, हे आपल्या कुटुंबांतील वडीलधाऱ्यांस निराळे सांगावयास नको. स्वतःचे शिक्षण सोडून त्यांनी धाकट्यांच्या शिक्षणाकडे लक्ष दिले. विनायकराव पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात गेले व १९०६ मध्ये बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेस रवाना झाले. मागे नाशिकचे घर व तेथील चळवळ ही दोन्ही ओझी बाबारावांनी वाहिली.

नाशिकास १९०० च्या सुमारास मित्रमेळा स्थापन झाला होता व १९०४ मध्ये त्याचेच अभिनव भारत ह्या गुप्त संस्थेत रूपांतर झाले. भाषणे व गाजावाजा ह्यांपेक्षा माणसे जोडणे, पत्रके छापणे, निरोप पोहोचविणे ही कामे बाबारावांकडे असत. त्यांच्या पत्नी यशोदाबाई, ज्यांस सर्व जण येसूवहिनी म्हणत, त्याही स्वस्थ बसल्या नाहीत. नाशिकातील स्त्रियांना एकत्र करून त्यांनी आत्मनिष्ठ युवती संघ चालविला. जी राष्ट्रीय गीते उघडपणे म्हणणे धोक्याचे होते, ती ह्या स्त्रिया घराघरांत म्हणत.

१९०९ च्या आरंभी बाबाराव पकडले गेले. कवितांचे एक लहानसे पुस्तक प्रसिद्ध केल्याचा त्यांच्यावर आरोप होता. त्या कविता राजाविरुद्ध युद्ध चेतविणाऱ्या आहेत असे ठरवून जून १९०९ मध्ये न्यायालयाने त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा दिली. घरातील चीजवस्तूही जप्त झाल्या. ह्या शिक्षेने नाशिकचे तरुण खवळून उठले. २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे ह्या तरुणाने कलेक्टर जॅक्सन ह्यास नाटकगृहात गोळ्या घातल्या. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे व देशपांडे ह्या तिघांना फाशी झाली.

काळे पाणी हा शब्द आपल्या जिल्ह्यात सर्वांच्या परिचयाचा आहे. आपल्याकडे समुद्र नाही. खारे पाणी पाहावयाचे तर लोणारच्या सरोवरावर जावे लागते. तरी कोणी फार दूर गेला आणि परतण्याची आशा उरली नाही, म्हणजे आमच्या आजीच्या तोंडी हाच शब्द येई. १८५७ च्या उठावानंतर, १८५८ मध्ये इंग्रजांनी अंदमान बेटावर कैद्यांची वसाहत वसविली. पुढे १८९६ ते १९०६ ह्या काळात पोर्ट ब्लेअर येथे सेल्युलर जेल बांधले. मध्ये मनोरा आणि त्याभोवती चाकाच्या आऱ्यांप्रमाणे पसरलेल्या सात तीनमजली इमारती, अशी त्याची रचना होती. सुमारे सातशे कोठड्या आणि प्रत्येकीत एकच माणूस. एका इमारतीची पुढची बाजू दुसरीच्या पाठीकडे येई, त्यामुळे कोणा कैद्यास दुसऱ्याचे तोंड दिसू नये. माणसास माणसापासून तोडणे हाच त्या बांधणीचा हेतू होता.

१९१० मध्ये बाबाराव तेथे पोहोचले. बारी नावाचा आयरिश जेलर तेथे सत्ता गाजवीत असे. नारळाची सालपटे कुटून काथ्या काढणे हे तेथील नेहमीचे काम, आणि कोलू ओढणे हे सर्वांत जड. पूर्वी आपल्या खेड्यांत तेलाच्या घाणी असत. डोळ्यांवर फडके बांधलेला बैल दिवसभर गोल फिरत असे. अंदमानात त्या बैलाच्या जागी माणूस जुंपत आणि दिवसाकाठी तीस पौंड खोबरेल काढून मागत. तेवढे न भरल्यास हातकड्या घालून उभे करणे, अन्न तोडणे अशा शिक्षा होत. बाबारावांना अर्धशिशीचा विकार होता. डोके फुटावयाची वेळ आली तरी काम चुकत नसे. १९१२ मध्ये इंदुभूषण रॉय ह्या बंगाली तरुणाने कोठडीत गळफास घेतला व उल्हासकर दत्त ह्यांच्या बुद्धीवर परिणाम झाला. ह्यावरून तेथील छळाची कल्पना यावी. राजबंद्यांनी संप पुकारले, त्यांत बाबाराव मागे राहिले नाहीत.

४ जुलै १९११ रोजी विनायकरावही दोन जन्मठेपा घेऊन त्याच तुरुंगात आले. धाकटा तरी बाहेर राहून कार्य करील, ही थोरल्याची आशा तेथेच मावळली. दोघे एकाच तटाच्या आत असूनही पुष्कळ काळ त्यांना एकमेकांशी बोलू दिले नाही. तिसरे बंधू नारायणराव ह्यांनाही नाशिकच्या खटल्यात सहा महिन्यांची सजा झाली होती. सुटल्यावर त्यांनी वैद्यकीचा अभ्यास पुरा केला व भावांच्या सुटकेसाठी खटपट चालविली.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. घरी येसूवहिनी होत्या. त्यांची अपत्ये लहानपणीच गेली होती. विनायकरावांचा लहानगा प्रभाकरही देवीच्या रोगाने गेला होता. घर जप्त झालेले आणि सरकारच्या भीतीने आसरा देण्यास लोक कचरत. अशा स्थितीत ह्या माउलीने दहा वर्षे काढली. पतीचे एकदा दर्शन व्हावे एवढीच त्यांची इच्छा होती. त्यासाठी त्यांनी सरकारकडे अर्जही केले. वर्षातून येणाऱ्या एखाद्या पत्रावर मन रिझवावयाचे, इतकेच त्यांच्या हाती होते. १९१९ मध्ये त्यांचा अंत झाला आणि भेटीची परवानगी आली ती त्यानंतर. त्याच वर्षी नारायणराव व विनायकरावांच्या पत्नी यमुनाबाई अंदमानास गेल्या, तेव्हा बाबारावांची दृष्टी जिला शोधीत होती, ती त्यांत नव्हती.

युद्ध संपल्यावर १९१९ च्या अखेरीस बादशाही जाहीरनामा निघाला व अनेक राजबंदी सुटले. सावरकर बंधू मात्र तेथेच राहिले. विनायकरावांनी वेळोवेळी अर्ज केले होते. मे १९२० मध्ये गांधीजींनीही आपल्या पत्रात ह्या बंधूंच्या सुटकेची बाजू मांडली. अखेर मे १९२१ मध्ये दोघांना हिंदुस्थानात आणले. बाबारावांस विजापूर व साबरमती येथील तुरुंगांत ठेवले. क्षयाने देह पोखरला, जगण्याची आशा उरली नाही, तेव्हा सप्टेंबर १९२२ मध्ये सरकारने त्यांना सोडले.

ते मात्र त्यातून उठले व पुढे बावीस वर्षांहून अधिक काळ जगले. हिंदू संघटनेच्या कार्यास त्यांनी वाहून घेतले, तरुण हिंदू सभा काढून १९३१ मध्ये ती राष्ट्रीय स्वयंसेवक संघात विलीन केली आणि ग्रंथलेखनही केले. त्यांचे हे राजकारण न पटणारे अनेक जण आहेत, आपल्या मंडळातही असतील. तो वाद येथे आम्ही काढीत नाही. परंतु अंदमानातील अकरा वर्षे कोणत्याही मताच्या माणसाने मान लववावी अशीच आहेत. १६ मार्च १९४५ रोजी सांगली येथे त्यांनी देह ठेवला.

त्या दिवशी अंदमान बेट जपान्यांच्या ताब्यात होते. २३ मार्च १९४२ रोजी त्यांनी ते घेतले आणि इंग्रजांचाच तुरुंग आपल्या छळासाठी वापरला. डॉ. दिवाणसिंग ह्यांचा जानेवारी १९४४ मध्ये त्याच भिंतींत अंत झाला व त्याच महिन्यात होम्फ्रेगंज येथे चव्वेचाळीस निरपराध माणसे गोळ्यांना बळी पडली. धनी बदलला तरी भिंतींचे काम तेच राहिले. सात इमारतींपैकी आता तीनच उभ्या आहेत आणि १९७९ पासून ते राष्ट्रीय स्मारक आहे.

वाचकहो, त्या तुरुंगात कैद्यांची नोंद होत असे. येसूवहिनींची नोंद तेथे झाली नाही, कारण त्यांचा तुरुंग नाशिकात होता. आपल्याही घराण्यांत असे थोरले भाऊ व अशा वहिनी होऊन गेल्या आहेत, ज्यांनी धाकट्यांना शिकविले, स्वतः मागे राहिले व ज्यांचे नाव कोणत्याही कागदावर नाही. मंडळाच्या प्रत्येक कुटुंबाने घरातील वृद्धांजवळ बसून एवढी तरी नावे लिहून काढावीत, अशी आमची नम्र विनंती आहे. त्या विद्यार्थिनीस आम्ही तेव्हा उत्तर देऊ शकलो नाही. ती आज स्वतः संसारी झाली आहे. ही स्मरणिका तिच्या हाती पडली, तर उशिरा का होईना, गुरुजींनी उत्तर दिले असे तिने समजावे.